पाठीला पाठ

४ एप्रिल, शुक्रवार

दानिशनं आज सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भर चहात. आणि लिहून घेणारा कोण — तर मी!

झालं असं. दर तीन महिन्यांनी आमच्या पोलिस कमांडो पार्टीचा एक कागद भरून वर पाठवावा लागतो. जंगलात कोणाचं काही बरंवाईट झालं तर पहिला फोन कोणाला करायचा, त्याचा. हवालदार म्हणून ते काम माझ्याकडं. आदेशनं बायकोचं नाव सांगितलं, लालसूनं आईचं. दानिश परवाच ईदची सुट्टी संपवून चामोर्शीहून आलाय. मी न विचारताच त्याच्या अम्मीचं नाव लिहायला घेतलं — मलिका शेख, दरवेळी तेच असतं. तर म्हणाला, "थांबा भाऊ. या टायमाले फैजचं लिवा. चंद्रपूरचा नंबर हाये."

"फैज कोन? भाऊ हाये तुह्या?"

"नाई."

म्हटलं, दोस्ताचं नाव चालत नाही, नातं लागते. तर त्यानं कप खाली ठेवला आणि सरळ बोलला. आवाज चढवला नाही, उतरवला पण नाही. "खुशालभाऊ, मले बाईमाणसाची ओढ नाई. पह्यलेपासूनच नाई. फैज अन् मी पाच सालापासून संग आहो. मले काही झालं तं त्याले टीव्हीवरून कळू नये. म्हणून सांगून राह्यलो."

आदेशचा हात बिस्किटाच्या पुड्यावर तसाच राहिला. लालसूनं चहा संपवला आणि कप धुवायला गेला. आणि मी काय केलं? 'नातं' या रकान्यात 'मित्र' लिहिलं आणि पुढच्याला विचारायला लागलो. पुढचा मीच होतो!

दोन वर्षं जंगलात हा माझा जोडीदार आहे. एका डब्यात जेवलो. मला काहीच कसं कळलं नाही?

५ एप्रिल, शनिवार

बोरिंगवर आज तमाशा. एरवी आम्ही आठ-दहा जण चड्डीवर आंघोळ करतो. एक हापसतो, बाकीचे डोकं खाली घालून ओरडतात. आज आदेश आला तो लुंगी, वर बनियन, वर टॉवेल! साबण लावायला जागाच शिल्लक नाही. मी पोट धरून हसलो. मग लक्षात आलं, मीही बनियन काढलेलं नव्हतं.

दानिश आला, बादली भरली, कोणाकडं न बघता परत गेला. संध्याकाळी सगळे आटोपल्यावर एकटाच कुंपणाच्या कडेला आंघोळ करत होता. आमच्या या मुरंगटोल्याच्या ठाण्यात एकट्यानं कुंपणाशी जायचं नाही हा पहिला नियम. शंभर पावलांवर जंगल. पण कोणी त्याला हाक मारली नाही. मीही नाही.

६ एप्रिल, रविवार

आदेशची टकळी दिवसभर चालू. "गोळीबार झाला तं हा कोनाले वाचवन? जो आवडते त्याले! बाकीचे मरो."

लालसू बंदूक पुसत बसला होता. हा भामरागडकडचा माडिया आदिवासी गडी, दिवसाला दहा शब्द बोलतो. त्यातले आठ आज खर्च केले. "मंग तू मरशीन आदेश. तू कोनालेच आवडत नाई."

सगळे हसले. आदेश सोडून.

७ एप्रिल, सोमवार

एक गोष्ट कालपासून डोक्यात शिरलीय आणि निघत नाही. लिहायला पण कसंतरी होतंय. पण वही कोण वाचतंय!

हा माझ्यावर तर नाही?

बघा ना. गेल्या पावसाळ्यात मलेरियानं मी जंगलात आडवा झालो तेव्हा यानं माझी पिशवी, माझी बंदूक आणि वर अर्धा मला उचलून सहा किलोमीटर आणलं. स्वतःचे कोरडे मोजे मला दिले, स्वतः ओल्यात चालला. दिव्यानीचा दहावीचा निकाल लागला तर हा चामोर्शीहून मिठाई घेऊन आला. माझी पोरगी, याला काय एवढं? आणि मी बोलतो ते सगळं ऐकतो. आमच्या शेतातल्या बोअरला पाणी किती लागलं, हे कोणी ऐकतं का? हा ऐकतो!

माझं वय एक्केचाळीस. पोट सुटलंय थोडं. पण मिशी अजून चांगली आहे.

पाण्याच्या टाकीवर चढलं की नेटवर्क मिळतं. चढून बायकोला, चंचलला फोन लावला. सगळं सांगितलं. ती म्हणे, "मंग?"

"मंग काय मंग! दोन सालापासून जंगलात माह्या बाजूले झोपते तो."

"मी अठरा सालापासून झोपून राह्यली. तुमचं घोरणं आयकून कोनाचं प्रेम टिकन, मले सांगा."

आणि हसत सुटली. सिंदेवाहीच्या बायकांना गांभीर्य नाही. रागानं फोन ठेवला.

८ एप्रिल, मंगळवार

कवायतीनंतर दानिशनं पाण्याची बाटली पुढं केली. घेतली. पण बाटलीचं तोंड पुसून मग प्यायलो. त्यानं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ एप्रिल, बुधवार

पार्टी कमांडर जगदाळे साहेबांनी बोलावलं. साहेब साताऱ्याकडचे, बोलणं मोजकं. टेबलावर माझा तोच कागद.

"निकुरे, मला त्याच्या खाजगी गोष्टीशी काही घेणं नाही. कायद्यानं तो गुन्हा नाही, मला माहीत आहे. पण पार्टीचं मन बिघडलं तर जंगलात माणसं मरतात. मुख्यालयात स्टोअरला जागा आहे. माणूस कामाचा आहे, तिथं नीट राहील."

म्हणजे कमांडोनं बूट आणि ब्लँकेट मोजायचे. दानिशला नेमबाजीत दोनदा पहिलं बक्षीस आहे. मी 'जी साहेब' म्हटलं.

मग साहेबांनी दानिशला आत घेतलं. मी दाराशीच उभा. साहेब म्हणाले, "उद्या नक्षलवाद्यांनी तुम्हाला धमकावलं, की आम्हाला बातमी द्या नाहीतर घरी सांगतो, सगळ्यांना सांगतो, तर काय कराल?"

दानिश म्हणाला, "म्हणूनच सांगून टाकलं साहेब. घरी चार सालापासून माहीत हाये. अब्बा बोलत नाई, अम्मी बोलते. आता मले कोन काय म्हणून धमकावन?"

"बरोबर," साहेब म्हणाले. पण निर्णय बदलला नाही. "तेरा तारखेची गस्त होऊ द्या. आल्यावर निकुरे शेरा देतील. हा असताना पार्टीच्या कामावर परिणाम होतो की नाही."

म्हणजे चेंडू माझ्या अंगणात. दोन ओळीत त्याची नोकरी इकडची तिकडं.

१० एप्रिल, गुरुवार

गस्तीच्या जोड्यांची यादी केली. दानिशबरोबर जायला कोणी तयार नाही. आदेश तर म्हणाला, पोट दुखून राह्यलं. तेरा तारखेला दुखणार हे त्याला आजच कळलं! लालसूची जोडी आधीच ठरलेली. म्हणून दानिश आणि मी. नेहमीप्रमाणे.

जोडी म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. थांब्यावर दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकानं इकडं बघायचं, दुसऱ्यानं तिकडं. एकाला डुलकी लागली की त्याची पाठ ढिली पडते, दुसऱ्याला लगेच कळतं, तो कोपर मारतो. बोलायचं काम नाही. हे कोणत्या पुस्तकात नाही, जुन्या लोकांनी शिकवलं. मला ज्यानं शिकवलं तो म्हणायचा, डोळे झोपले तर झोपू द्या, पाठ झोपू नका देऊ.

तर आता दानिशची पाठ. नुसतं मनात आलं तरी कसंतरी होतंय. मूर्खपणा आहे, समजतं. तरी होतंय.

११ एप्रिल, शुक्रवार

आज सोक्षमोक्ष लावला. आणि अशी फजिती आयुष्यात झाली नाही!

दोन दिवस भाषण पाठ करत होतो. दुपारी तो पहाऱ्याच्या मोर्च्याजवळ वाळूची पोती रचत होता. गेलो. म्हटलं, "दानिश, तू चांगला पोरगा हायेस. मी तुले लहान भाऊ मानतो. पन माह्यं लग्न झालं हाये. मले पोरगी हाये. तुह्या मनात काही असन तं काढून टाक."

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग पोतं खाली पडलं. मग तो खाली बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"भाऊ... तुम्ही?"

"काऊन? मले काय झालं?"

"काही नाई झालं भाऊ. तुम्ही बेस हा. पन तुम्हाले आपल्या ठाण्यावर येनाऱ्या सगळ्या बाया आवडते का? त्या भाजीवाल्या आजी आवडते?"

"काहीही!"

"मंग मले सगळे गडी काऊन आवडन?"

खरं सांगतो, सुटलो असं वाटलं. आणि थोडं वाईटपण वाटलं. म्हणजे माझ्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

मग पोत्यांवर बसून बोललो. पहिल्यांदा त्याचं ऐकलं. फैज चंद्रपूरला घड्याळं दुरुस्त करतो, बापाचंच दुकान. दानिश भरतीच्या वेळी घड्याळाचा पट्टा बदलायला गेला होता, तिथून ओळख. फैजला बिर्याणी करता येत नाही पण करतो. पावसाळ्यात त्याला दमा होतो. दानिश गस्तीवर असला की तो दुकानात टीव्ही लावत नाही. दानिश हे सांगत होता आणि त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला असं कधी बघितलंच नव्हतं.

म्हटलं, "सगळं बरं हाये. पन सांगाची काय गरज होती? गपचाप राह्यला असता. कोनाले कळत होतं?"

तो म्हणाला, "दोन सालापासून तुमच्याकडून वहिनीचं, दिव्यानीचं, गाईच्या वासराचं आयकून राह्यलो. मले बेस वाटते. पन मले कधी बोलताच आलं नाई. फैजले गेल्या साली दवाखान्यात भरती केलं होतं भाऊ. मी तुमच्याजवळ बसून तुमच्या गाईची गोष्ट आयकत होतो."

ते दिवस मला आठवतात. गाय व्याली होती आणि मी तीन दिवस तेच बोलत होतो.

१२ एप्रिल, शनिवार

उद्या पहाटे निघायचं. तीन दिवस. वही पेटीत राहील. दानिशशी आज नीट बोललो, नीट जेवलो. मनातलं सगळं गेलंय. शेरा चांगलाच देणार. ठरलं.

१५ एप्रिल, मंगळवार

आलो. सगळे सुखरूप. लिहवत नाही.

१६ एप्रिल, बुधवार

लिहायलाच पाहिजे. नाहीतर डोकं फुटेल.

शेवटचा थांबा मोहाच्या झाडांच्या पट्ट्यात होता. गाव दीड किलोमीटर. सकाळी उजाडलं की ठाण्याकडं निघायचं. दानिश आणि मी बसलो. तो तिकडं तोंड करून, मी इकडं. त्याची पाठ लागली आणि मी पुढं सरकलो.

काय म्हणून? मन साफ झालं होतं ना माझं? पण समोरच्या झाडाखाली आदेश होता. साहेबांनी दम भरल्यावर त्याचं पोट बरं झालं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं. अंधार होता, त्याला काय दिसणार! तरी सरकलो. वीतभर. दानिश जरा वेळानं मागं सरकला, त्याला वाटलं असेल मी नीट बसायला सरकलो. मी परत पुढं गेलो. मग तो तिथंच थांबला.

दोन रात्रींची झोप राहिलेली. पाठीला काही नाही. मला डुलकी लागली. किती वेळ, माहीत नाही. त्याला कळलं नाही, कळणार कसं? मध्ये वीतभर मोकळी जागा!

वाळल्या पाल्याचा आवाज झाला आणि मी दचकून उठलो. समोर सावल्या. पाच-सहा. वाकलेल्या, हळूहळू पुढं येणाऱ्या. मी बंदूक उचलली. खटका काढला. बोट घोड्यावर गेलं. मी आवाज दिला नाही, विचारलं नाही. एवढ्या वर्षांत शिकलेलं सगळं त्या वेळी कुठं गेलं कोण जाणे.

मागून एक हात नळीवर आला आणि नळी मातीत दाबली गेली. दुसरा हात माझ्या तोंडावर. कानाशी दानिश — "बाया हाये भाऊ. मोह वेचून राह्यल्या."

बायाच होत्या. मोहफूल पहाटेच गळतं, जनावरांच्या आधी पोचायचं म्हणून अंधारातच येतात. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मला माहीत आहे! आमच्याकडं सिंदेवाहीलाही माझी मावशी जायची. त्यांतल्या एकीच्या पाठीला लुगड्यात लेकरू बांधलेलं होतं. त्यांनी आम्हाला बघितलं, टोपल्या टाकल्या आणि पळाल्या.

मी मारलं असतं. एक क्षण अजून आणि मी मारलं असतं.

दानिशनं कोणाला काही सांगितलं नाही. येताना मला फक्त पाणी दिलं. मी तोंड न पुसता प्यायलो.

१७ एप्रिल, गुरुवार

गावातला चैतू पुंगाटी सकाळीच ठाण्यावर आला. बरोबर बायको. पाठीवर लेकरू होतं ती हीच. तो गोंडीत बोलत होता, लालसू मराठी करून सांगत होता. "तो म्हणते, तुमच्या एका मानसानं बायांवर बंदूक धरली. दुसऱ्यानं खाली दाबली. कोन कोन ते अंधारात दिसलं नाई. तो म्हणते, आम्ही मोह वेचाचा का नाई, तेवढं सांगा."

साहेबांचा चेहरा पडला. "त्या बाजूला कोण होतं?"

"मी अन् शेख," मी म्हटलं. एवढं बरोबर बोललो.

साहेब दानिशकडं वळले. विचारलंसुद्धा नाही. सरळ म्हणाले, "शेख, तुम्हाला दोष देत नाही. या पंधरवड्यात तुमच्या मनावर ताण होता. म्हणूनच मी म्हणत होतो." मागून आदेश हळूच — "म्हटलं नव्हतं का? असे लोक फट्टू रायते."

दानिश म्हणाला, "साहेब, भाऊले विचारा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. दानिशनं बघितलं. चैतूच्या बायकोनंही.

आणि मी म्हणालो, "अंधार होता साहेब."

हे मी बोललो. खुशाल निकुरे, एकोणीस वर्षं नोकरी. ज्याला आदेश फट्टू म्हणाला त्यानं पाच बाया वाचवल्या, आणि फट्टू कोण निघाला?

१८ एप्रिल, शुक्रवार

दानिशच्या बदलीचा हुकूम निघाला. सोमवारच्या गाडीनं मुख्यालय, स्टोअर. माझ्या शेऱ्याची साहेबांना गरजच उरली नाही.

तो पेटी भरत होता. मी दारात उभा राहिलो. म्हटलं, "तू काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं कोन मानलं असतं? म्हटलं असतं, आपली चूक भाऊवर ढकलून राह्यला." मग मोज्यांची घडी करत म्हणाला, "तुम्ही सांगान म्हणून थांबलो."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझं नाव फौजदाराच्या यादीत आहे. जूनमध्ये लागेल. दिव्यानीला नागपूरला शिकायचंय. चंचलनं शेजारणीला सांगूनसुद्धा टाकलंय, आता हे फौजदार होणार. सांगितलं तर हे सगळं गेलं. नाही सांगितलं तर दानिश गेला, आणि गेला तो 'घाबरट' म्हणून. त्याच्यामागं जो कोणी असा येईल त्यालाही लोक हेच ऐकवतील — तो शेख होता ना, त्यानं बायांवर बंदूक धरली होती.

टाकीवर चढलो. चंचलला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मोहावर गेलेल्या बाईवर बंदूक धरली?" एवढंच. यादीचं काही विचारलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सांगितलं.

सकाळच्या हजेरीला. साहेब समोर, पार्टी रांगेत. मी पुढं आलो, सलाम केला. मग एकदम सगळं बाहेर पडलं. "साहेब, बंदूक मी उचलली. मी झोपलो होतो. शेखनं नळी दाबली. झोप लागली कारन मी त्याच्या पाठीपासून सरकून बसलो होतो. तो सरकला नव्हता, मी सरकलो. परिनाम झाला तो माह्यावर झाला. त्याच्यामुळं नाई, माह्या मनातल्या घाणीमुळं."

'घाण' म्हणायचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

आदेश म्हणाला, "भाऊ, तुम्ही?" अगदी हळू. चेष्टेत नाही.

साहेब म्हणाले, "परवा का नाही बोललात?"

"भेलो साहेब."

त्यांनी दानिशच्या बदलीचा हुकूम तिथल्या तिथं मागं घेतला. माझी चौकशी होणार, लेखी जबाब दिला. जूनच्या यादीचं त्यांनी काही म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती. आणि म्हणाले, "नवीन यादी करा. या वेळी जोड्या तुम्ही लावायच्या नाहीत निकुरे. प्रत्येकानं आपला जोडीदार स्वतः सांगायचा."

बाहेर आलो तर चार दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.

२० एप्रिल, रविवार

लालसूला घेऊन चैतूच्या घरी गेलो. त्या दिवशी पडलेल्या टोपल्या पार्टीनं उचलून आणल्या होत्या, त्या परत दिल्या. अंगणात मोह वाळत घातला होता. मी हात जोडले आणि म्हटलं, तो मी होतो. लालसूनं गोंडीत सांगितलं. चैतूची बायको लेकराला घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही. चैतू दारापर्यंत आला. म्हणाला, आमच्या बाया आता उजाडल्यावर जातात, तोवर अर्धा मोह जनावरं खाऊन गेलेली असतात. लालसूनं तेही सांगितलं. बरं झालं सांगितलं. मला काय वाटत होतं, माफी मागितली की मिळते?

संध्याकाळी बोरिंगवर दानिश सगळ्यांबरोबर होता. आदेश हापसत होता, चड्डीवर! मध्येच म्हणाला, "ए दानिश, तुह्या त्या फैजले इचार ना, माह्यं घड्याळ पानी गेल्यापासून बंद हाये." दानिश म्हणाला, "पैसे लागन." एवढंच बोलणं. पण बोलणं!

मी जोड्यांच्या कागदावर पहिलीच ओळ लिहिली — दानिश शेख, खुशाल निकुरे. त्याला न विचारता लिहिली. विचारायचं काय त्यात? पुढच्या गस्तीला मी मुद्दाम, आदेशच्या समोर, पाठ घट्ट लावून बसणार. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. आज बरी झोप लागेल.

२१ एप्रिल, सोमवार

यादी लागली. माझी ओळ खोडलेली. दानिशपुढं लालसूचं नाव. दानिशनं स्वतः जाऊन सांगितलं साहेबांना.

विचारलं त्याला, "राग हाये माह्यावर?"

"नाई भाऊ. चहा तुमच्यासंगच पिईन. पन जंगलात माह्या मांगं तुम्ही असान तं मी सारखा वळून पाहीन."

बाकी सगळ्यांना विचारून झालं. माझ्या नावापुढं अजून कोणी नाही.